चित्रकलेत पीएचडी म्हणजे नक्की करायचं काय?

ऐकण्याऐवजी वाचताय त्यांच्यासाठी सांगतो, बोललो तसंच उतरवलंय. फक्त ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जरा कमी केलेत.

मागच्या एपिसोडच्या शेवटी मी जाता जाता म्हणालो होतो की मी फाइन आर्टमधल्या पीएचडीसाठी अर्ज करतोय. त्या एका वाक्यावर जेवढे मेसेज आले तेवढे अख्ख्या एपिसोडवर आले नाहीत. निम्मे मेसेज ‘भारी रे’ असे होते. उरलेल्या निम्म्यांचा प्रश्न एकच: चित्रकलेत पीएचडी म्हणजे करायचं काय? मोठं चित्र काढायचं का? माझ्या काकांनी तर फोन करून विचारलं, “म्हणजे तू डॉक्टर पेंटर होणार?” तर आज त्याच्यावरच बोलू.

आपल्यातल्या बहुतेकांची चित्रकलेशी ओळख एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षांपाशी संपते. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, ग्रेड मिळाली, दहावीला मार्क वाढले, विषय संपला. त्यापुढे बीएफए असतं, एमएफए असतं हे थोड्यांना माहीत असतं. आणि त्याच्याही पुढे रिसर्च असतो म्हटलं की वाटतं, कुणीतरी राजा रविवर्म्यावर 300 पानं लिहीत असेल. तसं लिहिणारे आहेतच आणि ते महत्त्वाचं काम आहे. पण तो कलेचा इतिहास झाला. मी बोलतोय ते वेगळं आहे.

हा फरक ज्यांनी सगळ्यात सोपा करून मांडला ते क्रिस्टोफर फ्रेलिंग. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये असताना 1993 साली त्यांनी एक छोटा निबंध लिहिला. त्यात संशोधनाचे तीन प्रकार सांगितले: कलेविषयी, कलेतून आणि कलेसाठी. कलेविषयी म्हणजे इतिहास, समीक्षा, सिद्धान्त. कलेसाठी म्हणजे जिथे सगळा विचार शेवटी त्या कलाकृतीतच जाऊन बसतो. हा तिसरा प्रकार अवघड आहे हे त्यांनी स्वतःच म्हटलं होतं. मधला प्रकार, कलेतून, हा माझ्या कामाचा. इथे करणं हीच पद्धत असते. आपण कोडमध्ये नाही का, नुसतं डॉक्युमेंट वाचून न कळणारी गोष्ट प्रोटोटाइप बनवला की दोन तासांत कळते? तसंच. फक्त इथे दोन तासांच्या जागी चार वर्षं.

उदाहरण दिल्याशिवाय हे हवेत राहील, म्हणून माझं सगळ्यात आवडतं उदाहरण देतो. ते आवाजाचं आहे, त्यामुळे पॉडकास्टवाल्यांना शोभेल.

लॉरेन्स अबू हमदान नावाचा कलाकार आहे. सीरियात सैदनाया नावाचा तुरुंग होता. आत काय चाललंय हे पाहायला बाहेरच्या कुणाला जाता येत नव्हतं. जे सुटून आले त्यांनाही सांगता येईना, कारण त्यांना अंधारात नाहीतर डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवलेलं. वर बोलायला बंदी. म्हणजे साक्षीदार आहेत, पण त्यांनी पाहिलेलं काही नाही. 2016 साली ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि लंडनच्या गोल्डस्मिथ्समधल्या फोरेन्सिक आर्किटेक्चर या गटाने सुटून आलेल्या काही जणांच्या मुलाखती घेतल्या, त्यात आवाजाची बाजू अबू हमदानकडे होती. दार कसं वाजायचं, पावलं किती लांबून यायची, घुमायचं किती, अशा कानांच्या आठवणींवरून त्या इमारतीचं मॉडेल उभं राहिलं. आणि एक गोष्ट त्याने मोजली: आत कैदी एकमेकांशी किती हळू कुजबुजू शकायचे. 2011 च्या आधी आत असलेले आणि नंतर आत गेलेले, यांच्या कुजबुजीत 19 डेसिबलचा फरक निघाला. 2011 नंतर कुजबुज तेवढी खाली गेली होती. आवाज ऐकू गेला तर काय होईल ही भीती किती वाढली, त्याचं हे माप. डेसिबलमध्ये.

आता हे ‘चित्र’ नाही. पण रिपोर्ट लिहिणाऱ्याला हे सुचलं नसतं आणि इंजिनिअरला विचारायची गरज वाटली नसती. वर्षानुवर्षं आवाज हेच साहित्य घेऊन बसणाऱ्या माणसालाच तो प्रश्न पडला. अबू हमदानने गोल्डस्मिथ्समधून 2017 साली पीएचडी घेतली. 2019 चा टर्नर पुरस्कार चौघांना विभागून मिळाला, त्यात तो होता. कुणी मला विचारलं की आर्टमध्ये रिसर्च कसला, तर मी एवढं सांगतो आणि गप्प बसतो.

दुसरी बाजूही सांगतो, कारण ती खोटी नाही. अमेरिकेत बरीच वर्षं एमएफए हीच या क्षेत्रातली शेवटची पदवी मानली गेली. तिथल्या कॉलेज आर्ट असोसिएशनने 1977 मध्ये तशी भूमिकाच घेतली होती. शिकागोचे जेम्स एल्किन्स यांनी 2009 मध्ये ‘आर्टिस्ट्स विथ पीएचडीज’ नावाचं पुस्तक संपादित केलं, त्यात या नव्या डॉक्टरेटबद्दलच्या शंकाच शंका आहेत. चित्र काढणाऱ्याला 40 हजार शब्द लिहायला लावले की चित्र बिघडतं का? चित्राला पास-नापास कोण ठरवणार? आणि आपल्याकडचा साधा प्रश्न, हुसेनसाहेबांकडे कुठे पीएचडी होती? मुंबईत सिनेमाचे बोर्ड रंगवत त्यांनी दिवस काढले होते. बरोबर आहे. चांगला चित्रकार व्हायला पीएचडी लागत नाही. माझ्या मते तर चांगला चित्रकार होण्यासाठी कुणी पीएचडी करूच नये, त्यापेक्षा एक खोली भाड्याने घ्यावी आणि रोज काम करावं. पीएचडी तेव्हाच, जेव्हा तुमच्याकडे असा एखादा प्रश्न आहे जो हाताने काम केल्याशिवाय सुटत नाही आणि सुटला तर तुमच्याशिवाय आणखी कुणाच्या तरी कामाचा आहे.

माझा प्रश्न सांगतो. तो थोडा घरचा आहे.

माझे पप्पा पेंटर. आमच्याकडे, कोल्हापूर जिल्ह्यात, पेंटर म्हटलं की दोन अर्थ होतात, घर रंगवणारा आणि बोर्ड रंगवणारा. पप्पा बोर्डवाले. किराणा दुकान, सलून, दूध संस्था, ट्रकच्या मागचं, शाळेच्या भिंतीवरचं सुविचाराचं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव आणि पुढे ‘आर्ट्स’. कोल्हापूरला या शब्दाचा मान मोठा आहे. बाबूराव मिस्त्री नाटकाचे पडदे रंगवता रंगवता बाबूराव पेंटर झाले आणि पुढे सिनेमा काढला, तरी आडनाव पेंटरच राहिलं. मी पाचवी-सहावीत असताना तालुक्याला फ्लेक्सचं मशीन आलं. दोन दिवसांचं काम वीस मिनिटांत व्हायला लागलं. त्याचं रडगाणं मी गाणार नाही, कारण मीही कॉम्प्युटरवरच जेवतो आणि फ्लेक्स स्वस्त होता म्हणून लोकांनी घेतला. पप्पांना आता शाळेच्या भिंती मिळतात, यात्रेच्या आधी देवळाचं काम मिळतं, अधूनमधून एखादा ट्रक.

मी पुण्यात नोकरीला लागलो आणि दुसऱ्याच प्रोजेक्टमध्ये माझ्या वाट्याला आलं ते ॲपमध्ये मराठी नीट दिसायला लावायचं काम. तिथे मी पहिल्या वेलांटीत अडकलो. म्हणजे ‘कि’ मधली वेलांटी. आपण टाईप करताना आधी क दाबतो, मग वेलांटी. फाईलमध्येही तोच क्रम साठवला जातो. पण दिसताना ती क च्या आधी दिसायला हवी. हे काम फॉन्ट आणि त्याला मांडणारं सॉफ्टवेअर मिळून करतात. ते एकदा समजलं की सोपं आहे. खरी गंमत पुढे आहे. वेलांटीची जी कमान असते ती अक्षराच्या दांड्यापर्यंत पोचायला हवी. ‘कि’ ला कमान लहान लागते. ‘स्ति’ ला मोठी, कारण आत अर्धा स बसलाय. म्हणून चांगल्या फॉन्टमध्ये वेगवेगळ्या रुंदीच्या पहिल्या वेलांट्या करून ठेवाव्या लागतात आणि कुठे कोणती वापरायची याचे नियम लिहावे लागतात. जिथे केलेल्या नसतात तिथे कमान मध्येच हवेत संपते. आता मोबाईलवर बघा, एखाद्या ॲपमध्ये नक्की सापडेल.

हे डोक्यात घेऊन मी घरी गेलो आणि पप्पांना एका जुन्या पत्र्यावर लिहायला सांगितलं, ‘स्वस्तिक किराणा’. दोन्ही वेलांट्या त्यात आल्या. त्यांनी खडूच्या पुडीत घोळवलेला दोरा ताणला, टिचकी मारून वरखाली दोन रेघा पाडल्या, आणि अक्षरं काढली. वेलांटीचा दांडा काढला, कमान सोडली. पुढचं अक्षर पूर्ण केलं. शिरोरेषा ओढली. मग सगळ्यात शेवटी मागे येऊन, एका दमात, कमान. जिथे पोचायला हवी बरोबर तिथे. मी विचारलं, कमान किती मोठी हे कसं ठरवता? ते म्हणाले, “आरं ठरवायचं कशाला, अक्षर किती झालंय ते दिसतंय की.”

माझ्या प्रपोजलचा गाभा एवढाच आहे. फॉन्टला आधी ठरवून ठेवावं लागतं, हाताला अक्षर झाल्यावर ठरवता येतं. मग हात जे नंतर ठरवतो ते नेमकं काय काय आहे? उंचावरच्या बोर्डसाठी अक्षर किती ताणायचं, तापलेल्या पत्र्यावर रंग ओढ घेतो तेव्हा वळण कुठे सोडायचं, ओळीत जागा उरली तर ती कुठल्या अक्षराला द्यायची. यातलं किती लिहून ठेवता येईल आणि किती फक्त ब्रश धरूनच कळेल? आपल्याकडे हा पूल बांधणारी माणसं होऊन गेलीत. र. कृ. जोशी स्वतः सुलेखनकार, आणि विंडोजमधला ‘मंगल’ हा फॉन्टही त्यांचाच. ते पवईला आयआयटीच्या आयडीसीत शिकवायचे. त्यामुळे कुणी म्हणेल, हा तर डिझाइनचा विषय, फाइन आर्टचा कुठे? मलाही मित्रांनी हेच विचारलं. माझं म्हणणं असं की मला नवा फॉन्ट करायचा नाही. मला बोर्ड रंगवायचेत, दोनेकशे तरी, आणि रंगवताना काय होतं ते पकडायचंय. शेवटी प्रदर्शन असेल आणि सोबत प्रबंध. ब्रिटनमध्ये कृतीवर आधारलेल्या पीएचडीचा साचा साधारण असाच असतो. कलाकृती, त्यांची नोंद, आणि नेहमीच्या प्रबंधापेक्षा बराच छोटा लेखी भाग, तोंडी परीक्षा.

आपल्याकडे इथे जरा जपून. बऱ्याच विभागांत अजून भर लेखी प्रबंधावरच असतो. एका ठिकाणी मला सरळ सांगितलं, बोर्ड घरी ठेवा, प्रबंध आणा. म्हणून अर्ज करण्याआधी विचारायचा पहिला प्रश्न हा: माझं केलेलं काम परीक्षक तपासणार का, की ते नुसतं परिशिष्टात जाणार? दुसरा प्रश्न गाईडबद्दल. त्यांचं स्वतःचं काम बघा, प्रदर्शनं बघा, आधीच्या विद्यार्थ्यांशी बोला. बडोद्याची फाइन आर्ट्स फॅकल्टी 1950 ची, शांतिनिकेतनचं कलाभवन 1919 चं, आपलं जेजे 1857 चं. नावं सगळी मोठी आहेत, पण पाच वर्षं तुम्ही नावासोबत नाही, एका माणसासोबत काढणार आहात.

नियमांचं थोडक्यात. यूजीसीच्या 2022 च्या नियमांप्रमाणे पीएचडी कमीत कमी 3 वर्षं, जास्तीत जास्त 6. सुरुवातीला कोर्सवर्क. पात्रता म्हणजे मास्टर्सला 55 टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के. या दुसऱ्या वाटेने माझ्यासारखा बीटेकवाला आत येऊ शकतो. माझे 76 आहेत, म्हणजे काठावर पास. पण लक्षात घ्या, नियमाने दार उघडलं तरी विभाग एमएफए किंवा एमव्हीए मागू शकतो आणि फाइन आर्टमध्ये ते मागतात. माहितीपत्रक ओळ न ओळ वाचा. 2024 पासून नेटचे मार्क पीएचडी प्रवेशाला चालतात आणि चार वर्षांची पदवी असलेल्यांना वेगळ्या विषयातही नेट देता येते. आमचा विषय ‘व्हिज्युअल आर्ट्स’, कोड 79. तीन तास, दीडशे प्रश्न, सगळे पर्यायवाले. चित्रकलेची परीक्षा, आणि एक रेघ काढायची नाही. (यावर पप्पा पाच मिनिटं हसत होते.)

आता पैसे. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37 हजार, नंतर 42 हजार, वर घरभाडं. नाही मिळाली तर केंद्रीय विद्यापीठात नॉन-नेट फेलोशिप महिना 8 हजार. हो, आठ. माझा सध्याचा पगार सांगत नाही, पण पुण्यात चार वर्षं आयटीत काढलेल्यांना अंदाज येईल. शिवाय जेआरएफला वयाची अट 30, महिलांना आणि आरक्षित प्रवर्गांना 5 वर्षं सवलत. मी 28 पूर्ण केलीत, मला सवलत नाही, म्हणजे हातात मोजक्या परीक्षा उरल्यात. गेल्या दोन वर्षांत मी गाडी घेतली नाही, फ्लॅट बुक केला नाही, त्याचं कारण हेच. मित्र म्हणतात चिकट झालास. दीड वर्षाचा खर्च बाजूला ठेवलाय आणि तेवढा तरी असल्याशिवाय कुणी या भानगडीत पडू नये असं माझं मत आहे. ज्यांच्या पगारावर घर चालतं त्यांनी तर आधी घरच्यांसमोर हे आकडे मांडावेत आणि मगच कलेचं बोलावं. मी तसंच केलं. मम्मीने एकच विचारलं, “शेवटी मास्तर होणार का?” म्हटलं, होऊ शकतो. ती म्हणाली, मग बघ बाबा.

पप्पांशी बोलणं जास्त अवघड गेलं. त्यांना पैशाचं काही नव्हतं. त्यांचं म्हणणं, “ह्यात शिकण्यासारखं काय हाय? पोटासाठी केलं ते.” 35 वर्षांचं काम, आणि त्यांना ते ज्ञान वाटतच नाही, कारण त्याला कधी कुणी मार्क दिले नाहीत. मी वाद घातला नाही. दर शनिवार-रविवारी गावी जायला लागलो, त्यांच्या बाजूला बसून लिहायला लागलो. पहिले सहा महिने फक्त काना. उभी रेघ, वरून खाली, रंग संपायच्या आत. “मनगट नको, खांदा हलीव.” मोबाईल स्टँडवर लावून मी सगळं रेकॉर्ड करतो, हात, आवाज, दोन्ही. मग रात्री फ्रेम फ्रेम बघतो. त्यात अशा गोष्टी दिसतात ज्या ते सांगत नाहीत कारण त्यांना ठाऊकच नाहीत. उदाहरणार्थ, ‘र’ काढण्याआधी ते प्रत्येक वेळी ब्रश बोटांत थोडा फिरवतात. मी विचारलं तर म्हणाले, “मी? न्हाई बा.” व्हिडिओ दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग स्वतःहून म्हणाले, ‘ह’ लिहितानाचा पण लाव.

त्या दिवसापासून ते प्रोजेक्टमध्ये आहेत, असं मी समजतो. आता फोन करून सांगतात, अमुक भिंत मिळालीय, ये.

एक गोष्ट मी प्रपोजलमध्ये लिहिली नाही, इथे सांगतो. गेल्या दिवाळीपासून पप्पांचा उजवा हात थोडा थरथरतो. डॉक्टरांना दाखवलंय, गोळ्या चालू आहेत, सकाळी बरा असतो. आम्ही आता काम सकाळी करतो. दुपारनंतर ते बसून बघतात आणि मी लिहितो. थरथर आल्यापासून त्यांनी शिरोरेषा वेगळ्या पद्धतीने ओढायला घेतलीय, तुकड्यातुकड्यात, जोड दिसणार नाही अशी. हेही मी रेकॉर्ड करतोय. लोक म्हणतात नोकरीत आणखी तीन-चार वर्षं काढ, पैसे साठव, मग जा. हिशेबाने बरोबर आहे. पण तीन-चार वर्षांनी मी कुणाशेजारी बसणार?

तर सध्याची स्थिती. प्रपोजल गेलंय, दोन विद्यापीठांत. एका ठिकाणी पुढच्या महिन्यात इंटरव्ह्यू आहे. तिथे मी तीन पत्रे घेऊन जाणार आहे: एक पप्पांचा, एक माझा आणि एक फॉन्टमधून छापून चिकटवलेला, तिन्हींवर ‘स्वस्तिक किराणा’. कुठला कुणाचा हे आधी सांगणार नाही. माझा नोटीस पीरियड 90 दिवसांचा आहे आणि राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्ये पडून आहे. निकाल लागला की सांगेनच, कुठलाही लागला तरी.

तुमच्याकडे एक काम. तुमच्या गावात, पेठेत, हाताने रंगवलेला जुना बोर्ड अजून असेल तर फोटो काढून पाठवा. गाव आणि अंदाजे वर्ष लिहा. आणि फोटो काढताना खालचा कोपरा कापू नका. पेंटरची सही तिथे असते.